गांजामुळे आजार की आजारामुळे गांजा?

तुमच्या पत्रातली हकिकत आधी थोडक्यात मांडतो. भाऊ २४ वर्षांचा. विसाव्या वर्षापासून गांजा, गेली दोन वर्षं जवळजवळ रोज. दीड वर्षापासून तो खोलीचं दार लावून बसतो, आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय म्हणतो, रात्री एकटाच पुटपुटतो. मनोविकारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाची, म्हणजे भास-संशयाच्या आजाराची, शंका बोलून दाखवली, गोळ्या लिहून दिल्या, पण "आधी गांजा सुटू दे, मग खरं चित्र कळेल" म्हणत व्यसनमुक्ती केंद्राकडे बोट दाखवलं. केंद्रानं तीन आठवड्यांत "हा मानसिक रुग्ण आहे, आमच्या आवाक्यातला नाही" म्हणून घरी पाठवला. तुम्ही विचारता, गांजामुळे हे झालं, की हे आधीच होतं म्हणून तो गांजाकडे गेला? आणि आधी बरं काय करायचं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी देतो. दोन्ही एकदम. एकाच ठिकाणी, आणि ते जमत नसेल तर एकमेकांशी फोनवर बोलणाऱ्या दोन डॉक्टरांकडे. "आधी हे, मग ते" या वाक्यानं जितके रुग्ण हातचे गेलेले मी पाहिलेत, तितके गांजानंही गेले नसतील. हे थोडं चढवून बोलतोय खरा, पण फार नाही.

पहिला प्रश्न मात्र अवघड आहे. तो विचारताना तुमच्या मनात काय आहे याचाही मला अंदाज आहे. गांजामुळे झालं असेल तर दोष त्याचा. आजार आधीचा असेल तर दोष कुणाचाच नाही, किंवा मग आपलाच, कारण आपल्या लक्षात आलं नाही. पंचवीस वर्षं हा प्रश्न मी घराघरांतून ऐकतोय, आणि दर वेळी त्याच्या आत हा दुसरा प्रश्न दडलेला असतो.

नशेमुळे मन बिघडतं का? बिघडतं, यात वाद नाही. १९५८ साली फिलिप कॉनेल या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञानं ॲम्फेटामिन हे उत्तेजक औषध घेणाऱ्या ४२ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. संशय, भास, कुणीतरी मागावर असल्याची खात्री, सगळं हुबेहूब स्किझोफ्रेनियासारखं. आणि औषध शरीरातून गेलं की बहुतेकांचं ते काही दिवसांत विरून जात होतं. म्हणजे एक रसायन, तेही त्या काळी डॉक्टर सर्रास लिहून देत असलेलं, चांगल्या चालत्याबोलत्या माणसाला आठवडाभर वेड्यासारखं वागायला लावू शकत होतं. मेंदूतल्या डोपामिन या रसायनावर लक्ष केंद्रित व्हायला अशीच निरीक्षणं कारणीभूत ठरली. दारूचंही तसंच. रोज भरपूर पिणारा माणूस उदास असतो, रडतो, जगण्यात अर्थ नाही म्हणतो. त्यातली किती उदासी त्याची आणि किती दारूची, हे त्याला सांगता येत नाही आणि पहिल्या भेटीत आम्हालाही येत नाही.

गांजाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यात भरती झालेल्या सुमारे ४५ हजार तरुणांना नशेबद्दल विचारलं होतं, आणि पुढची पंधरा वर्षं त्यांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. १९८७ साली निष्कर्ष आले. अठराव्या वर्षापर्यंत पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनिया सहापट दिसला. घरची परिस्थिती, आधीच्या मानसिक तक्रारी वगैरे हिशेबात घेतल्यावर हा आकडा बराच उतरला, पण शून्यावर आला नाही. आता याच अभ्यासाची दुसरी बाजू बघा, जी सहसा कुणी सांगत नाही: त्या पन्नासच्या वर ओढणाऱ्यांपैकी जेमतेम तीन टक्क्यांना आजार झाला. बाकीच्यांना नाही झाला. म्हणूनच तुमच्या भावाचे मित्र तेच, तेवढंच ओढून धडधाकट फिरताहेत, आणि "गांजानं काही होत नाही, आम्हाला बघ" असं त्याला बिनधास्त सांगताहेत. ते खोटं बोलत नाहीत. फक्त ते स्वतःबद्दल बोलताहेत.

शिवाय तेव्हाचा गांजा आणि आताचा गांजा एक नव्हे. नशा आणणारा त्यातला घटक म्हणजे टीएचसी. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात तो १९९५ साली सरासरी ४ टक्के होता, २०१४ साली सुमारे १२ टक्के. २०१९ साली युरोपातल्या शहरांचा आणि ब्राझीलचा मिळून एक मोठा अभ्यास आला, त्यात रोज कडक गांजा ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाशी नातं तुटण्याचा, धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट निघाला. किती वेळा ओढलं, किती कडक ओढलं आणि कितव्या वर्षी सुरू केलं, या तीन गोष्टी विचारल्याशिवाय "गांजा ओढतो" या वाक्याला माझ्या लेखी काही अर्थ नाही.

आता उलट बाजू. एडवर्ड खँट्झियान या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९८५ साली मांडलं की माणसं नशा उगाच निवडत नाहीत. ज्या यातनेवर जी नशा उतारा वाटते तिच्याकडे ती वळतात. कल्पना सुंदर आहे, आणि काळजीच्या, भीतीच्या आजारांत ती बरीच खरीही ठरते. चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटणारा तरुण दोन पेग घेतल्यावर बोलका होतो. त्याची भीती दारूच्या कितीतरी आधीची असते. जुन्या आघाताच्या आठवणींनी रात्र रात्र जागणारा माणूस झोपेसाठी पितो. पण स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत ही कल्पना मला नेहमी अर्धीच वाटत आली आहे. एका रुग्णानं मला सांगितलं होतं, "डॉक्टर, ओढल्यावर आवाज वाढतात. पण मला त्यांचं काही वाटेनासं होतं." दुसरा म्हणाला, "दिवस संपतच नाही हो. ओढलं की संपतो." तिसऱ्याला गोळ्यांनी अंग जखडल्यासारखं वाटायचं, ते सुटावं म्हणून तो ओढायचा. आवाज बंद व्हावेत म्हणून ओढतो असं सांगणारे मला फार थोडे भेटले. एकटेपणा, रिकामा वेळ, उडालेली झोप आणि आहे त्याच एका टोळक्यात टिकून राहण्याची गरज, ही कारणं खूप जास्त वेळा ऐकली.

आणि तिसरी शक्यता, जी दोन्ही बाजूंना आवडत नाही: दोघांची मुळं एकाच मातीत. आनुवंशिकतेचा काही भाग सामाईक असतो. लहानपणची मारहाण, उपेक्षा, घरातली सततची भांडणं व्यसनाचा धोका वाढवतात आणि नैराश्याचाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, बालपणीच्या आघातांवरच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासापासून हे पुन्हा पुन्हा दिसलंय. वयाचंही तसंच. मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीनचतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत डोकं वर काढतात. नशेची पहिली चव घेण्याचं वयही तेच. एकाच वळणावर दोन गाड्या येणार असतील तर धडक कुणी मारली हे ठरवणं अवघडच.

या दोन गोष्टी एकत्र येणं हा अपवाद नाही, हेही सांगून ठेवतो. अमेरिकेत वीस हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखतींवर आधारलेलं सर्वेक्षण १९९० साली प्रसिद्ध झालं. त्यात स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दारूचं किंवा दुसऱ्या नशेचं व्यसन जडलेलं आढळलं. जवळजवळ निम्मे. तरीही कित्येक ठिकाणी उपचारांची रचना अशी असते, की जणू असा रुग्ण चुकून एखादा येतो.

मग आम्ही निदान कसं करतो? कागदावर. खरंच, माझं सर्वांत उपयोगी उपकरण म्हणजे आडवा धरलेला कोरा कागद आणि त्यावर मधोमध मारलेली एक रेघ. रेघेच्या वर नशा: काय, कधी, किती. रेघेच्या खाली मन: झोप, संशय, भीती, उदासी, शाळा-कॉलेज, कामधंदा. तारखा कुणालाच आठवत नाहीत, म्हणून आठवणीत पक्के बसलेले खुंटे वापरायचे: शाळा संपली ते वर्ष, घर बदललं तेव्हा, आजी गेल्या तेव्हा. आणि हा कागद एकट्या रुग्णाकडून किंवा एकट्या घरच्यांकडून कधी भरून घ्यायचा नाही.

असाच एक कागद माझ्या लक्षात राहिलाय. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. मुलगा बावीस वर्षांचा, आई आणि तो समोर बसलेले. आई ठाम होती की सगळं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, गांजा सुरू झाल्यावर बिघडलं. मी विचारलं, त्याच्या आधी कसा होता? ती म्हणाली, "अगदी चांगला." मग थोडा वेळ गप्प. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "पंधराव्या वर्षी मित्रांचे फोन घेईनासा झाला होता. आम्ही म्हटलं, वय आहे." मी रेघेच्या खाली पंधराच्या घरात नोंद केली. म्हणजे आजार आधी? इतका वेळ खाली बघत बसलेला मुलगा तेव्हा पहिल्यांदा बोलला: "मी चौदाव्या वर्षी ओढलं होतं. सुट्टीत. नंतर अधूनमधून." आईनं वळून त्याच्याकडे पाहिलं. रेघेच्या वर चौदा. दहा मिनिटांत उत्तर दोनदा उलटलं होतं, आणि आणखी खोदलं असतं तर तिसऱ्यांदाही उलटलं असतं.

पण त्याच कागदावर आम्हाला दुसरं काहीतरी सापडलं. आजार तीन वेळा बळावला होता, आणि तिन्ही वेळा आधी झोप गेली होती. चार-पाच रात्री दोन-तीन तासांची झोप, मग झोप यावी म्हणून वाढलेला गांजा, मग संशय. पहिल्यांदा कोण आलं हे कळलं नाही. दर वेळी कोण आधी येतं हे कळलं. उपचाराला लागतं ते हे दुसरं.

कागदाबरोबर घड्याळही लागतं. सान दिएगोच्या संशोधकांनी उपचारांसाठी दाखल झालेल्या मद्यपी पुरुषांचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध केला: भरतीच्या वेळी ४२ टक्के जणांमध्ये नैराश्य ठळक होतं, दारूविना चार आठवडे गेल्यावर ते ६ टक्क्यांत उरलं. म्हणून साधारण महिनाभर नशेशिवाय गेल्यावरही लक्षणं टिकली तर ती स्वतंत्र आजाराची असण्याची शक्यता वाढते, असा संकेत आहे. २०१३ च्या अमेरिकन निदानसंहितेतही सुमारे एक महिन्याचाच उल्लेख आहे. पण हा महिना निदान पक्कं करण्यासाठी आहे. तो उपचार थांबवून ठेवण्यासाठी नाही. हा फरक आमच्या व्यवसायातले लोकही विसरतात, आणि गोळ्या लिहून दिल्या असल्या तरी तुमच्या भावाच्या बाबतीत पुढचं सगळं असंच अडलेलं दिसतंय. माणूस घाबरलेला असेल, झोपत नसेल, आवाज ऐकत असेल तर त्यावरच्या गोळ्या आजच सुरू होतात. नाव नंतर पक्कं होईल.

लक्षणांच्या रंगरूपावरूनही काही अंदाज बांधता येतो. दारू एकदम तुटल्यावर दोन ते चार दिवसांत जो भ्रम होतो त्यात माणूस बहुधा 'बघतो': भिंतीवर किडे, कोपऱ्यात माणसं, हात थरथरतात, घाम फुटतो, आज वार कोणता हे सांगता येत नाही. स्किझोफ्रेनियात बहुधा 'ऐकू' येतं, आणि वार, जागा, माणसं सगळं नीट माहीत असतं. कोकेन-ॲम्फेटामिनमध्ये अंगावर काहीतरी वळवळल्यासारखं वाटतं. पण हे सगळं 'बहुधा'च्या राज्यातलं. लघवीच्या तपासणीवर तर फारच भिस्त ठेवू नका. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचा अंश बंद केल्यावरही कित्येक आठवडे सापडू शकतो. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून "खोटं बोललास, कालच ओढलंस" असं कुणी म्हणणार असेल तर त्याला थांबवा.

"नशेचंच आहे, उतरली की जाईल" हा दिलासाही जपून घ्या. नशेमुळे झालेली सायकोसिस म्हणून ज्यांची नोंद होते, त्यांच्यापैकी सरासरी एकचतुर्थांश लोकांचं निदान पुढे स्किझोफ्रेनियात बदलतं, असं २०२० साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं. गांजाच्या बाबतीत हा वाटा सर्वांत मोठा, जवळपास तिघांत एक. म्हणजे समजा भावाची लक्षणं महिन्याभरात पूर्ण ओसरली, तरी पुढची काही वर्षं त्याच्यावर नजर आणि डॉक्टरांच्या भेटी चालू राहायला हव्यात. घरात जागता पहारा मांडायचा नाही. महिना-दोन महिन्यांनी एकदा, इतकंच.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल. व्यवसायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बायपोलर (कधी तेजी, कधी उदासी असा आजार) असावा असं वाटणारा, भरपूर पिणारा एक माणूस माझ्यापुढे बसला होता. मी त्याला अगदी पुस्तकी थाटात सांगितलं, "महिनाभर दारू बंद ठेवा आणि मग या, म्हणजे मला नीट तपासता येईल." तो हो म्हणाला. आठ महिन्यांनी आला तेव्हा नोकरी गेलेली होती आणि डाव्या मनगटावर टाक्यांची खूण होती. ज्या तेजीच्या झटक्यात माणूस तीन दिवस झोपत नाही, त्या झटक्यात त्यानं कुणाच्या बळावर दारू सोडायची होती? मी त्याच्याकडे परीक्षेची अट म्हणून तीच गोष्ट मागितली होती जी त्याला जमत नव्हती म्हणून तो माझ्याकडे आला होता.

याच्या उलटही घडतं. एका केंद्रानं माझ्या एका रुग्णाच्या गोळ्या दारातच काढून घेतल्या, कारण "इथे कसलंच केमिकल चालत नाही". दहाव्या दिवशी आवाज परत आले, आणि बाराव्या दिवशी तो भिंतीवरून उडी मारून पळाला. म्हणून केंद्र निवडताना जागा, बाग, योग, भिंतीवरच्या सुविचारांआधी चार गोष्टी विचारा. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? चालू गोळ्या चालू ठेवतात का? रात्री कुणी हिंसक किंवा घाबराघुबरा झाला तर काय करतात? बाहेर पडल्यावर पुढचं कोण बघतं? यांची उत्तरं तुटक आली तर दुसरं केंद्र बघा. मारहाण, साखळी, कोंडून ठेवणं यांचा वास जरी आला तरी तिथून निघा.

एकत्रित उपचार म्हणजे नेमकं काय, तर एकच फाइल आणि एकच बोलणं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मार्ग बरीच वर्षं राबवला. प्रामाणिकपणे सांगायचं तर कोणती एक समुपदेशन पद्धत बाकीच्यांवर ठामपणे मात करते असं संशोधनातून सिद्ध झालेलं नाही. पण रुग्ण दोन दारांच्या मध्ये हरवू नये, एवढ्यासाठी तरी मी त्याचाच आग्रह धरतो.

गोळ्यांबद्दल घरोघरी तीन गैरसमज असतात. पहिला, "या गोळ्यांचंच व्यसन लागेल." भास-संशयावरच्या आणि नैराश्यावरच्या गोळ्यांची तलफ लागत नाही, हां, त्या एकदम बंद केल्या तर त्रास होऊ शकतो आणि आजार उलटू शकतो. झोपेच्या आणि काळजीच्या काही गोळ्यांचं मात्र व्यसन लागतं, आणि व्यसनाचा इतिहास असलेल्या माणसाला त्या मोजून, थोडे दिवस, घरच्यांच्या ताब्यात ठेवून द्यायच्या असतात. दुसरा गैरसमज, "आज ओढलंय, आज गोळी नको." हा फार महागात पडतो, कारण ज्या दिवशी गरज सर्वांत जास्त त्याच दिवशी गोळी चुकते. भास-संशयावरची नेहमीची गोळी गांजा ओढलेल्या दिवशीही सहसा चालू ठेवायची असते. डॉक्टरांना हे आधीच विचारून कागदावर लिहून घ्या. अपवाद आहेत: दारू किंवा अफूवर्गीय नशेवर झोपेच्या गोळ्या जिवावर बेतू शकतात, आणि दारू सोडवण्यासाठीचं डायसल्फिराम चालू असताना दारू धोक्याची. तिसरा, गुपचूप जेवणातून गोळी देणं. हेतू चांगलाच असतो, पण ज्याला आधीच वाटतंय की घरचे आपल्यावर काहीतरी प्रयोग करताहेत, त्याला ते कळलं की त्याचा संशय खरा ठरलेला असतो. मग तो जेवणही सोडतो आणि तुम्हालाही.

धूम्रपानाबद्दल एक बारीक गोष्ट, जी बऱ्याचदा डॉक्टरांच्याही नजरेतून सुटते. क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही भास-संशयावरची दोन औषधं यकृतात ज्या वाटेनं संपतात ती वाट धुरामुळे रुंद होते. निकोटिनमुळे नव्हे, धुरातल्या डांबरी घटकांमुळे. ओढणाऱ्याला म्हणून डोस जास्त लागतो. तो दाखल झाला, बिडी-सिगारेट-गांजा सगळंच बंद झालं, आणि डोस तोच राहिला तर आठवड्याभरात क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण दीडपट किंवा त्याहून जास्त होऊ शकतं. माणूस गुंगीत जातो, लाळ गळते, क्वचित आकडी येते. भाऊ यांपैकी काही घेत असेल तर धूर कमी-जास्त झाला की डॉक्टरांना कळवायचं.

गांजापुरतं बोलायचं तर तो एकदम सोडला तरी जिवाला सहसा धोका नसतो. चिडचिड, उडालेली झोप, विचित्र स्वप्नं, मेलेली भूक, साधारण दोन आठवडे. पण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी रोजची दारू असेल तर ती डॉक्टरांशिवाय एका दिवसात तोडायला लावू नका. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि पुढे भ्रम, आणि त्यात माणूस दगावू शकतो. गर्द किंवा तत्सम अफूवर्गीय नशेचा धोका उलट्या टोकाचा. तिथे सोडताना माणूस सहसा मरत नाही, सोडल्यानंतर मरतो. शरीराची सवय मोडलेली असते आणि तो जुन्याच मापानं घेतो. २००७ साली वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्यात नशेच्या अतिमात्रेनं मरण्याचा धोका इतर नागरिकांच्या तुलनेत १२९ पट होता. केंद्रातून "बरा होऊन" घरी आलेल्यालाही हेच लागू. म्हणून अशा व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसारखं औषध दीर्घकाळ देणं म्हणजे एक नशा सोडून दुसरी लावणं नव्हे. त्यानं माणसं जिवंत राहतात.

तुम्ही लिहिलंय की आवाजांवरून रोज वाद होतात. वाद सोडा. "असं काही नाहीये" म्हणालात तर तो एकटा पडतो, "हो, आहे" म्हणालात तर भीतीला साक्षीदार मिळतो. "मला ऐकू येत नाही, पण तू घाबरलायस हे दिसतंय" इतकं पुरे. गांजाबद्दल बोलायचं तर तो उतरलेला असताना, शक्यतो सकाळी, आणि प्रश्नानं सुरुवात करा: ओढल्यावर तुला बरं काय वाटतं? हे वडिलांना पटणार नाही. त्यांना वाटेल, लाड चाललेत. पण नशेचा फायदा ऐकून घेतल्याशिवाय तोटा ऐकवायचा हक्क मिळत नाही, आणि तोटे बहुतेक वेळा रुग्णच पुढे स्वतः सांगतो. एकदम बंद जमत नसेल तर कमी करणं, कडक माल टाळणं, संध्याकाळपर्यंत थांबणं, हेही पुढचं पाऊलच. पुन्हा ओढलं म्हणजे सगळं मुसळ केरात गेलं असं नाही. पहिल्या दोन वर्षांत घसरण होणारच असं धरून चाला, आणि झाली की भांडणाच्या आधी डॉक्टरांना फोन करा.

थांबून न राहता त्याच दिवशी रुग्णालयात न्यायची वेळ कोणती, हेही ठरवून ठेवा: आवाज त्याला स्वतःला किंवा कुणाला इजा करायला सांगताहेत असं तो म्हणाला तर, मरणाबद्दल बोलला किंवा सामानाची निरवानिरव करू लागला तर, अन्नपाणी सोडलं तर, किंवा दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही तर.

पुढच्या भेटीला जाण्याआधी तो आडवा कागद घरी भरून बघा. रेघेच्या वरचा भाग त्याला भरू द्या, खालचा तुम्ही आणि आई मिळून भरा, आणि एकमेकांचं खोडू नका. दोन वेगळी उत्तरं असली तर दोन्ही तशीच राहू देत. सगळ्यात खाली आणखी एक ओळ आखा, झोपेची. ती आज रात्रीपासून भरायला घ्या. किती वाजता दिवा गेला, किती वाजता उठला, बस. महिन्याभरानं डॉक्टरांच्या टेबलावर कागद ठेवाल तेव्हा मी असतो तर आधी तीच ओळ वाचली असती.